एका ठिपक्याचा टंच अख्ख्या दागिन्याला लावू नका

प्रति,
झवेरी बाजार, काळबादेवी, गिरगाव, दादर, लालबाग, पार्ले, बोरिवली, मुलुंड अशा मुंबईभरच्या मोड (जुने दागिने) घेणाऱ्या सराफ पेढ्या,
आणि एक्सआरएफ (एक्स-रेने धातू ओळखणाऱ्या) मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून देणारी टेस्टिंग सेंटरे

स.न.वि.वि.

मोडीच्या काउंटरवर ‘मशीनचा टंच अंतिम राहील’ ही पाटी आता मुंबईत सवयीची झाली आहे. गिऱ्हाईक दागिना देते, तो मशीनच्या झाकणाखाली वीस-तीस सेकंद ठेवला जातो, पावती निघते, आणि त्यावरच्या एका आकड्यावर घरातली आयुष्यभराची पुंजी तोलली जाते. दागिना आटवून बघा म्हटले, की ‘आता मशीन आहे, आटवायची गरज नाही’ असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे आहे आणि ते निमूटपणे ऐकून घेणे आम्हाला मान्य नाही.

आम्ही ही मशीन बसवणारे, त्यांचे कॅलिब्रेशन (माप जुळवणे) करणारे आणि स्पेक्ट्रम (किरणांचा आलेख) वाचणारे तंत्रज्ञ आहोत. मशीनवर आमचा राग नाही, त्यावर आमचे पोट आहे. मशीन ठीक चालते, या दाखल्यावर आमची सही असते आणि त्याच दाखल्याच्या जोरावर चुकीच्या मालाचा चुकीचा आकडा खरा म्हणून खपवला जातो. शिवाय आमच्या आयांच्या पाटल्या आणि बहिणींची मंगळसूत्रे याच काउंटरवर येतात. तेव्हा हा प्रश्न आमचा आहे, तसाच तुमचाही आहे, कारण या आकड्याने फसणाऱ्यांत सराफही आहेत.

मशीन काय करते ते आधी मांडू. ट्यूबमधून ४० ते ५० केव्हीवर (किलोव्होल्ट) निघालेले एक्स-रे दागिन्यावर पडतात आणि अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरताना प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचा किरण बाहेर टाकते. या किरणाला रेषा म्हणतात आणि त्याची ऊर्जा केईव्ही या एककात मोजतात. सोन्याची एल-अल्फा रेषा ९.७१ केईव्हीवर, तांब्याची के-अल्फा ८.०५वर, जस्ताची ८.६४वर, चांदीची २२.१६वर. डिटेक्टर या रेषा मोजतो आणि सॉफ्टवेअर त्यांचे टक्के करते. हे टक्के करताना सॉफ्टवेअर तीन गोष्टी धरून चालते: माल वरपासून खालपर्यंत एकजीव आहे, किरणांना पुरेल इतका जाड आहे, आणि यादीत भरलेली मूलद्रव्ये मिळून शंभर टक्के होतात. यातली एक जरी गोष्ट खोटी निघाली तरी आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतोच. मशीन कुठलीही शंका दाखवत नाही. ती घेण्याचे काम चालवणाऱ्याचे आहे.

आता खोलीचा हिशेब. सोने स्वतःचेच किरण फार जोरात शोषते. ९.७ केईव्हीच्या किरणाची ताकद शुद्ध सोन्यात साधारण ३ मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) निम्मी होते. येणारा किरण, जाणारा किरण आणि तिरका कोन हे सगळे धरले तर एल-अल्फाच्या एकूण संदेशापैकी दोन तृतीयांश वरच्या २ मायक्रॉनमधून येतो, ५ मायक्रॉनपर्यंत ९० टक्क्यांच्या वर जातो आणि १० मायक्रॉनच्या पुढून जवळपास काहीच येत नाही. मशीनच्या रचनेप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण १० मायक्रॉनचे १०० होणार नाहीत. डोक्याचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो.

याचा व्यवहारातला अर्थ एका बांगडीवर पाहू. ४ मिलिमीटर जाडीच्या गोल तारेची, मधला व्यास साडेसहा सेंटिमीटर असलेली भरीव बांगडी घ्या. तिचे आकारमान सुमारे २.५७ घनसेंटिमीटर येते. २२ कॅरेटची भरीव असती तर वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरले असते. तीच बांगडी आतून तांब्याची करून वर २२ कॅरेटचा १० मायक्रॉन मुलामा चढवला, तर त्या मुलाम्यात सोन्याचा माल लागतो जेमतेम ४५० मिलिग्रॅम आणि बांगडीचे वजन होते सुमारे २३ ग्रॅम. मशीनखाली ती ९१६च्या (हजारात ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरेट) जवळचा आकडा देते. आतल्या तांब्याची रेषा १० मायक्रॉन सोन्यातून वर येईपर्यंत हजारात एक भागही उरत नाही, आणि जे उरते ते मुलाम्यातल्या तांब्यात मिसळून जाते. म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा नसलेल्या सोन्यावर २३ ग्रॅमचे पैसे मोजले जातात. बाजारात ‘एक ग्रॅम’ म्हणून मिळणारा माल सहसा याहून खूप पातळ मुलाम्याचा असतो, तो मशीनवर लगेच उघडा पडतो. फसवण्यासाठी केलेला जाड मुलामा मात्र निसटतो.

हीच बांगडी आतून चांदीची असेल तर गोष्ट बदलते. चांदीची के-रेषा २२ केईव्हीची, तिला सोने तेवढे अडवत नाही. १० मायक्रॉन सोन्याखालून तिचा जवळपास दहावा भाग बाहेर येतो आणि पावतीवर चांदी फुगलेली दिसते. म्हणजे एकाच पावतीवरचे सोने वरच्या काही मायक्रॉनचे असते आणि चांदी त्याहून दुप्पट खोलीवरची. दोन वेगवेगळ्या खोलींवरचे आकडे एकत्र करून शंभर टक्के जुळवले जातात. एकजीव मालात याने काही बिघडत नाही. थरांच्या मालात या आकड्याला अर्थच राहत नाही.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही, आणि सर्वांत स्वस्त उपाय पाण्याचा आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा आणि काटा शून्यावर आणा. बांगडी बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला टेकणार नाही अशी हातात धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढे ग्रॅम पाणी तिने बाजूला सारले. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर चिकटलेले बुडबुडे आकडा बिघडवतात. हवेतल्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. २२ कॅरेटला, मिश्रणातल्या चांदी-तांब्याप्रमाणे, ती १७.५ ते १७.९ यायला हवी. वरची तांब्याची बांगडी २.५७ दाखवेल, म्हणजे घनता ९. खऱ्या २३ ग्रॅमच्या बांगडीने फक्त १.३ दाखवले असते. या कामाला दोन मिनिटे लागतात, तरीही मुंबईतल्या कित्येक काउंटरवर लाखोंच्या मशीनशेजारी हा ग्लास नाही. पोकळ, लाख भरलेल्या किंवा खडे जडवलेल्या दागिन्यांना ही रीत चालत नाही. शुद्ध सोन्याच्या लगडीत टंगस्टन भरले असेल तरीही ती हरते, कारण टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३. तिथे अल्ट्रासोनिक गेज लागते: ध्वनी सोन्यातून सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर जातो आणि टंगस्टनमधून ५,२००च्या आसपास.

स्पेक्ट्रमही बरेच सांगतो, पण तो उघडतोच कोण? तांब्याच्या के-अल्फा आणि के-बीटा या दोन रेषांचे आपसातले प्रमाण ठरलेले असते. तांबे सोन्याखाली असेल तर ८.०५ची के-अल्फा जास्त अडते आणि ८.९०ची के-बीटा कमी. ५ मायक्रॉन सोन्याखालून येताना नुसत्या तांब्याच्या मानाने के-बीटाचा वाटा जवळपास दुप्पट होतो. जस्त नसलेल्या मालात हे डोळ्यांनी दिसते. सोन्याच्या एल-अल्फा आणि एल-बीटाचेही तसेच: सोन्याचा थर पातळ असेल तर एल-अल्फाचे प्रमाण भरीव मालापेक्षा जास्त येते. चांदीच्या एल-रेषेवरून पृष्ठभाग ओळखता येतो खरा, पण हवेतल्या आर्गॉनची रेषा २.९६ केईव्हीवर, नेमकी तिच्या शेजारी बसते. म्हणून हवा हटवायला हेलियम नसलेल्या मशीनवर त्या रेषेवर विसंबू नये. त्यापेक्षा एकच जागा दोन वेगळ्या केव्हीवर मोजा. एकजीव माल दोन्ही वेळा तोच टंच देईल, थरांचा माल देणार नाही.

आता गिऱ्हाइकाचे नुकसान कुठे होते ते सांगतो. आमच्या तक्रारी बहुतेक इथल्याच आहेत.

पहिली तक्रार सांध्यांची. साखळी, मंगळसूत्राची वाटी, तोड्याचा फासा, कानातल्याची दांडी, या सगळ्यांना डाग (जोडाचा धातू) दिलेला असतो. डागाचा माल लवकर वितळावा म्हणून त्यात जस्त, चांदी, तांबे जास्त असते, आणि जुन्या केडीएम दागिन्यांत कॅडमियम. मशीनचा ठिपका सांध्यावर पडला की टंच खाली येतो आणि तोच टंच पूर्ण वजनाला लावला जातो. दहा ग्रॅमच्या दागिन्यात एक टक्का म्हणजे १०० मिलिग्रॅम सोने. ठिपक्याचा व्यास अर्ध्या ते दोन मिलिमीटरचा असतो, कॅमेऱ्यात तो क्रॉस-वायरखाली स्पष्ट दिसतो, तेव्हा सांधा टाळणे कठीण नाही. बारीक विणीच्या साखळीत ठिपका कडीपेक्षा मोठा असेल तर कड्यांमधल्या फटी, मळ आणि सांधे सगळे एकदम मोजले जाते. तिथे कॉलिमेटर (ठिपक्याचा आकार ठरवणारे छिद्र) बदला किंवा साखळी दुमडून सपाट गड्डी करा, आणि तरी आकडे हलत असतील तर तो टंच देऊच नका.

दुसरी तक्रार वरच्या मुलाम्याची. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियमचा थर असतो, दशांश मायक्रॉनचा. ०.३ मायक्रॉन ऱ्होडियम मशीनला काही टक्के ऱ्होडियम म्हणून दिसते आणि शंभर टक्क्यांच्या जुळवणीत सोन्याचा वाटा त्या मानाने कमी होतो. ७५०चा दागिना ७२०-७३०वर उतरतो आणि ‘माल कमी आहे’ असे सांगून घट कापली जाते. काही मशीनच्या ट्यूबमध्ये ऱ्होडियमचाच अॅनोड असतो. तिथे ट्यूबचे विखुरलेले किरण आणि मुलाम्याची रेषा एकमेकांत मिसळतात, मग हा थर आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. मशीनमध्ये थराचा स्वतंत्र प्रोग्राम असेल तर वर काय, मधे काय, खाली काय हा क्रम त्याला सांगावा लागतो. नुसता ‘गोल्ड’ प्रोग्राम लावून भागत नाही.

तिसरी तक्रार आमच्याकडच्या पारंपरिक दागिन्यांची. बोरमाळेचा मणी, ठुशी, कोल्हापुरी साजातली पाने: वर सोन्याचा पत्रा, आत लाख. पत्रा पुरेसा जाड असेल तर मशीन टंच बरोबर सांगते, पण वजनात लाख असते. लाख जवळपास सगळी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनची. हवेत चालणाऱ्या मशीनला ती दिसतच नाही. मग अंदाजाने लाखेची कपात होते आणि प्रत्येक पेढीचा अंदाज वेगळा. कुंदनात तर वर कुंदनाचा चोख पत्रा, खाली लाख, मागे मीनाकारी आणि मूळ साच्याचे सोने वेगळ्याच टंचाचे. जुन्या मीन्यात शिसे सापडते, शिशाची एल-अल्फा १०.५५वर येते आणि यादीत शिसे भरलेले नसेल तर सॉफ्टवेअर तो वाटा दुसऱ्याच कुणाच्या नावावर टाकते. अशा दागिन्याला मशीनवर एक टंच असूच शकत नाही. तो सुटा करून, लाख जाळून, धातू आटवल्यावरच टंच निघतो.

पृष्ठभागाबद्दल थोडक्यात. कारागीर दागिना तयार झाल्यावर तेजाबात उकळतो. त्यात वरच्या थरातले तांबे आणि चांदी निघून जाते आणि उरलेली त्वचा आतल्यापेक्षा चोख दिसते. गेरूचा रंग दिला असेल तर लोहाची रेषा येते. रोज अंगावर असलेल्या मंगळसूत्रावर घाम, साबण, हळद, पावडर असते, आणि शिसेयुक्त शेंदूर असेल तर शिसे. कोमट साबणपाण्यात मऊ ब्रश फिरवून, धुऊन, कोरडे करून मगच दागिना मशीनखाली जावा. मोती आणि लाखेचे दागिने मात्र पाण्यात बुडवू नयेत.

चौथी तक्रार मिश्र मालाची, आणि इथे सराफच जास्त पोळतात. भेसळीसाठी घातलेली इरिडियम आणि रुथेनियमची पूड सोन्यात विरघळत नाही, कणांच्या रूपात राहते. ठिपका कणांच्या झुबक्यावर पडला तर दिसते, बाजूला पडला तर सोने स्वच्छ. इरिडियमची एल-अल्फा ९.१८ केईव्हीवर, सोन्यापासून अर्ध्या केईव्हीवर. एसडीडी (सिलिकॉन ड्रिफ्ट) डिटेक्टर, ज्याचे रिझोल्यूशन (जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) १३०-१४० ईव्ही असते, या दोन रेषा वेगळ्या दाखवतो. जुन्या प्रपोर्शनल काउंटरच्या (वायू भरलेला डिटेक्टर) मशीनमध्ये रेषा ९०० ईव्हीच्या आसपास पसरते आणि इरिडियम सोन्यात विरून जाते. टंगस्टनची एल-बीटा ९.६७वर आणि जस्ताची के-बीटा ९.५७वर, तीही सोन्याच्या रेषेखाली दडते. टंगस्टन पकडायचे तर ८.४०ची एल-अल्फा बघावी लागते आणि ते मूलद्रव्य यादीत असावे लागते. कॅडमियम (२३.१७) आणि चांदी (२२.१६) यांनाही हीच अडचण आहे. अशी जुनी मशीन आजही ‘अंतिम टंच’ देतात. आटवल्यावर इरिडियम घनता २२.५६ असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून लगडीचा फक्त वरचा चेहरा मोजणे म्हणजे मुद्दाम दुसरीकडे बघणे आहे. वर आणि खाली, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, कानशीने घासून ताज्या धातूवर मोजा. फायर अ‍ॅसेमध्येही (माल आगीत शुद्ध करून उरलेले चोख सोने तोलण्याची तपासणी) इरिडियम सोन्याबरोबर राहते आणि टंच फुगवते, हेही लक्षात असू द्या. तिथे दोन्ही तपासण्या एकमेकींना धरून वाचाव्या लागतात.

फायर अ‍ॅसेचा उल्लेख निघालाच आहे तर काउंटरवर त्याची जी हेळसांड होते तिच्याबद्दल लिहितो. साधारण २५० मिलिग्रॅम माल कापून अचूक तोलायचा, त्यात सोन्याच्या अडीचपट चांदी मिळवायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हजार अंशांच्या वर तापलेल्या कपेलमध्ये (शिसे शोषणाऱ्या वाटीत) ठेवायचा. शिसे हलक्या धातूंना घेऊन कपेलमध्ये मुरते, सोन्या-चांदीचा रवा उरतो. तो ठोकून, लाटून, गुंडाळून नायट्रिक तेजाबात उकळला की चांदी निघून जाते आणि चोख सोने राहते, ते तोलायचे. यात अंदाज नाही, थर नाही, ठिपका नाही. भारतीय मानक आयएस १४१८ याच पद्धतीचे आहे. हॉलमार्किंग केंद्रांतही एक्सआरएफचा उपयोग लॉट सारखा आहे का हे चाळण्यासाठी होतो आणि निर्णय फायर अ‍ॅसेवर होतो. ज्या यंत्रणेच्या शिक्क्यावर तुम्ही नवा दागिना विकता, ती मशीनला शेवटचा शब्द देत नाही. मोड घेताना मात्र तुम्ही देता.

इथूनच आमची पाचवी तक्रार येते. १६ जून २०२१पासून मुंबईत हॉलमार्किंग बंधनकारक आहे आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय (दागिन्याचा ओळख क्रमांक) नवा दागिना विकता येत नाही. असा एचयूआयडी असलेला दागिना मोडीला आला की त्याच्यावरही एक ठिपका मारून घट लावली जाते. शिक्का खोटा वाटत असेल तर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर अ‍ॅपवर क्रमांक तपासा आणि फायर अ‍ॅसे मागा. हॉलमार्कचा दागिना खरोखर कमी टंचाचा निघाला तर २०१८च्या बीआयएस नियमांप्रमाणे विकणाऱ्याने फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च द्यायचा असतो. गिऱ्हाइकाला हा हक्क वापरता यावा म्हणून त्याच्या हातात पुरावा हवा, तुमच्या थर्मल कागदावरचा एक पुसट आकडा नव्हे.

रिझर्व्ह बँकेने सोने तारण कर्जांबद्दल जून २०२५मध्ये काढलेल्या निर्देशांत पारख कर्जदाराच्या समोर व्हावी आणि वजन, शुद्धता, कपात लेखी द्यावी असे सांगितले आहे. सोने गहाण ठेवणाऱ्याला जे मिळते, ते सोने कायमचे विकून जाणाऱ्याला का मिळू नये?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. ‘मशीनचा टंच अंतिम’ ही पाटी काढा. त्या जागी लिहा: हे मापन वरच्या काही मायक्रॉनचे व दाखवलेल्या जागेपुरते आहे.

२. पावतीवर प्रत्येक मापनाची जागा, सेकंद, केव्ही, डिटेक्टरचा प्रकार, तपासलेल्या मूलद्रव्यांची यादी आणि त्या दिवशी सकाळी प्रमाणित ९१६च्या तुकड्यावर आलेला आकडा छापा. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बहुधा असतेच, फक्त ती चालू केलेली नसते. मशीन सुरू करून अर्धा तास तापू द्या, एसी चालू ठेवा, मगच तो तुकडा मोजा. पावसाळ्यात दमट हवेत डिटेक्टर आणि खिडकी दोन्हीला जपावे लागते.

३. दागिन्याच्या प्रत्येक सुट्या भागावर, सांधा टाळून, किमान तीन ठिकाणी ६० सेकंदांचे मापन घ्या आणि तिन्ही आकडे दाखवा. त्यांत हजारी तीन-चार भागांहून जास्त फरक असेल तर सरासरी काढू नका. तो माल एकजीव नाही असे लिहा.

४. भरीव मालाला पाण्यातले वजन सक्तीचे करा. गिऱ्हाइकाच्या लेखी संमतीने, न दिसणाऱ्या जागी कानशीने खाच पाडून आतला धातू मोजा. खाच ठिपक्यापेक्षा रुंद असू द्या, अर्ध्या मिलिमीटरच्या कॉलिमेटरला किमान एक मिलिमीटर, आणि खोली १०० मायक्रॉनच्या वर. उथळ खाचेत मुलाम्याच्या कडाच मोजल्या जातात.

५. लाखेचे, कुंदनाचे, मीन्याचे, ऱ्होडियमचे आणि दोन रंगांचे दागिने मशीनवर अंतिम करणे थांबवा. लाख, खडे, मणी, घट यांची कपात वेगवेगळ्या ओळींत, ग्रॅममध्ये लिहून द्या.

६. गिऱ्हाइकाने मागितले तर त्याच्यासमोर आटवा. मूस आधी रिकामी दाखवा, आटवण्याआधीचे आणि नंतरचे वजन लिहा, लगडीच्या दोन्ही अंगांचा टंच काढा. त्यावरही एकमत झाले नाही तर मान्यताप्राप्त केंद्रात फायर अ‍ॅसे, आणि नमुन्याचा उरलेला माल गिऱ्हाइकाला परत. दागिना मोडायचा की नाही हे आटवण्याआधी ठरवायचा हक्क त्याचाच.

७. एचयूआयडी असलेल्या दागिन्यावर फायर अ‍ॅसेशिवाय टंचाची घट लावू नका.

८. प्रपोर्शनल काउंटरची मशीन प्राथमिक चाळणीपुरती ठेवा आणि पावतीवर तसे स्पष्ट लिहा.

यातले बहुतेक काम पैशांचे नाही. ग्लास, दोरा, कानस आणि पावतीच्या चार जादा ओळी लागतात. वेळ मात्र लागेल. एका दागिन्यामागे दहा-बारा मिनिटे जातील, आणि धनत्रयोदशीच्या गर्दीत ती जड वाटतील हे आम्हाला कळते. गर्दीच्या दिवशी मोड घेऊन ठेवा, पोच द्या, दुसऱ्या दिवशी टंच काढा. घाईत काढलेल्या टंचाने त्या दिवशी तुमचाही तोटा होतो, कारण मुलाम्याच्या बांगड्या विकायला येणारेही गर्दीचाच दिवस निवडतात.

ज्या पेढ्यांना आपल्या मशीनवर हे सगळे करून बघायचे असेल त्यांना आम्ही तांब्यावर आणि चांदीवर ठरावीक जाडीचा मुलामा चढवलेले नमुने, आणि त्यांची पाण्यातली वजने, काउंटरवर येऊन दाखवायला तयार आहोत. याचे शुल्क घेणार नाही. ज्या पेढ्या या पद्धतीने काम सुरू करतील त्यांनी आपल्या पावतीचा नवा नमुना दुकानात लावावा, म्हणजे गिऱ्हाइकाला काय मागायचे ते कळेल. आणि ज्यांना आमचे आकडे चुकीचे वाटतात त्यांनी आपल्या मशीनचे स्पेक्ट्रम पुढे ठेवून तसे जाहीरपणे सांगावे. आम्ही उत्तर देऊ.

आपले,
एक्सआरएफ मशीनचे कॅलिब्रेशन आणि देखभाल करणारे तंत्रज्ञ,
मुंबई